मंददृष्टीचा उपचार आणि घर : कागल तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

बालवयात एका डोळ्याची, क्वचित दोन्ही डोळ्यांची, दृष्टी अपुरी विकसित होण्याच्या अवस्थेला मंददृष्टी म्हणतात. बोलीभाषेत तिला ‘आळशी डोळा’ असे म्हटले जाते. योग्य चष्मा, चांगल्या डोळ्यावर ठरावीक काळ पट्टी आणि काही प्रसंगी औषधी थेंब हे तिच्यावरील सर्वमान्य उपचार होत. हे उपचार स्वस्त व परिणामकारक आहेत. परंतु ते रुग्णालयात नव्हे, तर घरात पार पडतात. त्यामुळे त्यांचे यश औषधापेक्षा घराच्या दिनक्रमावर अवलंबून राहते. प्रस्तुत लेखात मंददृष्टीचे स्वरूप, उपचारामागील शास्त्र, उपचार अर्धवट राहण्याची कारणे आणि कागलसारख्या निमशहरी-ग्रामीण तालुक्यात कुटुंब, अंगणवाडी व शाळा यांनी पार पाडावयाची भूमिका यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : मंददृष्टी, तिरळेपणा, पट्टी-उपचार, उपचारपालन, कुटुंब, अंगणवाडी, कागल.

१. प्रस्तावना

कागल हे कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे ठिकाण पुणे-बंगळूर महामार्गावर, कर्नाटकच्या सीमेलगत वसले आहे. ऊसशेती, दुग्धव्यवसाय, साखर कारखाने आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत यांनी येथील कौटुंबिक जीवनाला आकार दिला आहे. अनेक घरांत वडील पाळीच्या नोकरीवर, आई शेतात वा मजुरीवर आणि लहान मूल अर्धा दिवस अंगणवाडीत व उरलेला दिवस आजी-आजोबांच्या सहवासात, अशी विभागणी आढळते. अशा घरातील पाच वर्षांच्या मुलाला नेत्रतज्ज्ञांनी ‘रोज दोन तास पट्टी लावा’ असे सांगितले, तर ते दोन तास दिवसाचे कोणते आणि त्या वेळी मुलाजवळ कोण असेल, हा प्रश्न चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. उपचाराचे भवितव्य मात्र त्याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

जगभरातील पाहण्यांनुसार साधारणतः शंभर मुलांमागे एक ते तीन मुलांत मंददृष्टी आढळते. म्हणजे दोन-तीन अंगणवाड्यांतील मुले एकत्र केल्यास त्यांत असे एखादे मूल असण्याची शक्यता असते. हे मूल आंधळे नसते, त्याला वेदना होत नाहीत, डोळा लालही होत नाही. दोन्ही डोळे उघडे असताना चांगल्या डोळ्याने त्याचे सर्व व्यवहार सुरळीत चालतात. त्यामुळे दोष लक्षात येण्यास विलंब होतो आणि हा विलंबच या विकारात सर्वांत महाग पडतो.

२. मंददृष्टी : स्वरूप व कारणे

‘आळशी डोळा’ हा शब्दप्रयोग रूढ असला तरी दिशाभूल करणारा आहे. येथे आळस डोळ्याचा नसतो आणि मुलाचा तर मुळीच नसतो. जन्मानंतर पहिली काही वर्षे मेंदू ‘पाहायला’ शिकत असतो. दोन्ही डोळ्यांकडून सारख्याच स्पष्टतेची प्रतिमा मिळाली तर मेंदूतील दृष्टिकेंद्राची वाढ समतोल होते. एका डोळ्याकडून सतत धूसर किंवा विसंगत प्रतिमा येत राहिली तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. कालांतराने डोळ्याची रचना निर्दोष असूनही किंवा योग्य चष्मा लावूनही त्या डोळ्याने स्पष्ट दिसत नाही. दोष कॅमेऱ्याचा नसून चित्र वाचणाऱ्याचा असतो, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

या प्रक्रियेचा शास्त्रीय पाया डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांतून घातला गेला. पिलाचा एक डोळा बालवयात काही काळ बंद ठेवल्यास मेंदूतील बहुसंख्य पेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देणे थांबवतात. प्रौढ मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर असे घडत नाही, असे त्यांना आढळले. दृष्टीच्या वाढीला एक संवेदनशील कालखंड असतो, ही कल्पना यातून दृढ झाली. त्यांच्या संशोधनकार्याला १९८१ मध्ये नोबेल पारितोषिकाने गौरविण्यात आले.

मंददृष्टीची कारणे मुख्यत्वे तीन होत. पहिले कारण तिरळेपणा. दोन डोळे दोन दिशांना पाहत असल्यास दुहेरी प्रतिमा टाळण्यासाठी मेंदू एका डोळ्याची प्रतिमा दाबून टाकतो. दुसरे कारण दोन डोळ्यांच्या चष्म्याच्या नंबरांतील मोठी तफावत. यात डोळे सरळ दिसतात, म्हणून घरच्यांना कसलीही शंका येत नाही. दोन्ही डोळ्यांचा नंबर फार मोठा असूनही चष्मा नसेल तर दोन्ही डोळ्यांत मंददृष्टी येऊ शकते. तिसरे कारण डोळ्यात प्रकाश जाण्यास अडथळा, उदाहरणार्थ जन्मजात मोतीबिंदू किंवा बाहुली झाकणारी पापणी. हा प्रकार तुलनेने विरळ, पण सर्वांत तीव्र असतो आणि त्यावर तातडीने उपचार करावे लागतात.

समाजातील काही समजुतींमुळे विलंब वाढतो. ‘मोठेपणी डोळा आपोआप सरळ होईल’ असे सांगितले जाते. काही घरांत किंचित तिरळेपणा भाग्याचे लक्षण मानला जातो. गाजर किंवा पालेभाज्या खाऊन ‘नजर सुधारेल’ अशीही आशा असते. जीवनसत्त्व ‘अ’ च्या कमतरतेमुळे होणाऱ्या रातांधळेपणावर असा आहार उपयुक्त आहे. मंददृष्टीचे कारण मात्र वेगळे असल्याने आहाराने ती बरी होत नाही.

३. उपचारांचे शास्त्र

उपचाराची पहिली पायरी चष्मा ही आहे. लहान मुलाच्या डोळ्यात बाहुली मोठी करणारे औषध टाकून नंबर तपासावा लागतो, कारण मूल अक्षरांवर नजर केंद्रित करताना खरा नंबर लपवते. अमेरिकेतील बालनेत्ररोग संशोधकांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन डोळ्यांच्या नंबरांत तफावत असलेल्या ३ ते ७ वर्षांखालील ८४ मुलांना केवळ चष्मा देण्यात आला. त्यांपैकी ७७ टक्के मुलांची दृष्टी तक्त्यावर दोन किंवा अधिक ओळींनी सुधारली आणि २७ टक्के मुलांची मंददृष्टी पट्टीशिवायच नाहीशी झाली. चष्मा ही पट्टीची पूर्वतयारी नसून स्वतंत्र उपचार आहे, हे यावरून स्पष्ट होते.

चष्म्याने पुरेशी सुधारणा न झाल्यास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली जाते. हा उपाय जुना आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याने १७४३ मध्ये त्याचे विवेचन केले होते. पट्टीमुळे मेंदूला मागे पडलेल्या डोळ्याकडून येणारी प्रतिमा वाचणे भाग पडते. पूर्वी दिवसभर पट्टी लावण्याचा प्रघात होता. उपरोक्त गटाच्याच २००३ मधील अभ्यासांनी त्यात मोठा बदल घडवून आणला. ७ वर्षांखालील मुलांत मध्यम मंददृष्टीसाठी, म्हणजे साधारण ६/१२ ते ६/२४ दृष्टी असताना, रोज दोन तास व सहा तास पट्टी लावण्याचे परिणाम सारखेच आढळले. तीव्र मंददृष्टीत सहा तास आणि दिवसभर यांत विशेष फरक दिसला नाही. पट्टीला पर्याय म्हणून चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब घालून त्याची जवळची दृष्टी तात्पुरती धूसर करता येते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४१९ मुलांवरील अभ्यासात मध्यम मंददृष्टीसाठी दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच परिणामकारक ठरल्या.

चष्मा दिल्यानंतर पट्टीसाठी किती थांबावे, याविषयी नवी माहिती पुढे येत आहे. युरोपातील ‘युपॅच’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. चष्म्यानंतर तीनच आठवड्यांनी रोज अधिक तास पट्टी सुरू केलेल्या गटात ६७ टक्के मुलांना, तर अठरा आठवडे केवळ चष्मा वापरून नंतर पट्टी सुरू केलेल्या गटात ५४ टक्के मुलांना यश मिळाले. म्हणून किती तास आणि केव्हा, हा निर्णय प्रत्येक मुलाच्या बाबतीत तज्ज्ञांनीच घ्यावयाचा आहे. शेजारच्या मुलाला दिलेले प्रमाण आपल्या मुलाला लागू पडेलच असे नाही.

वयाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. सात वर्षांपूर्वी उपचार सुरू झाल्यास फलप्राप्ती सर्वांत चांगली होते. तथापि ‘सात वर्षांनंतर काही उपयोग नाही’ हा समज योग्य नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७ ते १२ वर्षे वयोगटात चष्म्यासोबत पट्टी व थेंब यांचा उपचार घेणाऱ्यांपैकी ५३ टक्के मुलांना, तर केवळ चष्मा वापरणाऱ्यांपैकी २५ टक्के मुलांना लाभ झाला. उशिरा निदान झालेल्या मुलाच्या पालकांना निराश करून परत पाठविणे म्हणूनच अयोग्य ठरते.

तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेविषयी एक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. शस्त्रक्रियेने डोळे सरळ दिसू लागतात, परंतु मंददृष्टी त्यामुळे बरी होत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी वा नंतर पट्टी आवश्यक असेल, तर ती लावावीच लागते.

उपचार टाळल्यास काय गमावले जाते? खोलीची जाण, म्हणजे वस्तू किती पुढे वा मागे आहे हे दोन्ही डोळ्यांनी मिळून ओळखण्याची क्षमता, उणी राहते. प्रत्येक डोळ्याच्या दृष्टीची अट असलेल्या सैन्यदल, पोलीस, रेल्वे यांसारख्या सेवांची दारे बंद होऊ शकतात. सैन्यभरतीची परंपरा असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात ही बाब गौण नाही. याहून गंभीर गोष्ट म्हणजे पुढे अपघाताने वा रोगाने चांगला डोळा गेल्यास त्या व्यक्तीचा आधारच तुटतो. ब्रिटनमधील २००२ च्या एका अभ्यासाने मंददृष्टी असलेल्या व्यक्तीला असा प्रसंग आयुष्यात येण्याची शक्यता किमान १.२ टक्के असल्याचे अनुमान मांडले होते.

४. उपचार अर्धवट का राहतो?

वरील आकडे उत्साहवर्धक असले तरी ते उपचार घडला, या गृहीतावर आधारलेले आहेत. पट्टीत बसविलेल्या सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक मापकांच्या साहाय्याने ब्रिटन व नेदरलँड्स येथील संशोधकांनी मुलांनी प्रत्यक्षात किती वेळ पट्टी लावली, याची नोंद घेतली. सांगितलेल्या आणि प्रत्यक्ष लावलेल्या तासांत मोठे अंतर आढळले. ब्रिटनमधील अभ्यासात दृष्टी तक्त्यावरील एका ओळीने सुधारण्यास सुमारे १२० तासांची प्रत्यक्ष पट्टी लागते, असे दिसून आले. म्हणजे रोज दोन तास नेमाने पट्टी लावली तर एका ओळीसाठी सुमारे दोन महिने. रोज सरासरी एकच तास लागली तर चार महिने. पंधरा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून पट्टी सोडणारे कुटुंब उपचार निष्फळ ठरण्यापूर्वीच तो संपवीत असते.

नेदरलँड्समधील अभ्यासांत आणखी एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास आली. देशाची भाषा फारशी न येणाऱ्या आणि अल्पशिक्षित पालकांच्या मुलांत पट्टीचे पालन कमी होते. त्यावर उपाय म्हणून मुलांसाठी चित्रकथा, पट्टीची नोंद ठेवण्याचे कॅलेंडर, बक्षिसाचे स्टिकर आणि पालकांसाठी एक पानी माहितीपत्रक देण्यात आले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार असे साहित्य मिळालेल्या गटात पालनाचे सरासरी प्रमाण ७८ टक्के, तर न मिळालेल्या गटात ५७ टक्के होते. औषधात कोणताही बदल न करता केवळ समजावण्याच्या पद्धतीने एवढा फरक पडला. मराठी, कन्नड व हिंदी या भाषा शेजारी नांदणाऱ्या सीमाभागासाठी हा निष्कर्ष मार्गदर्शक आहे.

महाराष्ट्रातील जवळचे उदाहरण पुणे जिल्ह्यातील आहे. डॉ. परीक्षित गोगटे व सहकाऱ्यांनी ग्रामीण भागातील माध्यमिक शाळांत २००९ मध्ये चष्मे मिळालेल्या मुलांची २०१० मध्ये पुन्हा तपासणी केली. पाहणीतील १०१८ विद्यार्थ्यांपैकी केवळ २९.५ टक्के विद्यार्थी त्या वेळी चष्मा लावून आले होते. चष्मा हरवणे, मोडणे, घरी विसरणे, पालकांची नापसंती आणि सोबत्यांची चेष्टा ही कारणे पुढे आली. हा अभ्यास मंददृष्टीचा नसून चष्म्याच्या वापराचा होता. तरीही वस्तू हाती देणे आणि ती वापरात येणे यांतील अंतर त्यातून स्पष्ट होते. चष्म्याची ही स्थिती असेल, तर पट्टीची अवस्था अधिक नाजूक असणार हे उघड आहे.

कारण चष्म्याने लगेच स्पष्ट दिसते, पट्टीने मात्र लगेच कमी दिसते. पालकांच्या डोळ्यांसमोर जे घडते ते विपरीत असते: चांगले पाहणारे मूल पट्टी लावताच अडखळते, रडते, चिडते, पट्टी काढताच हसू-खेळू लागते. मायेने पाहणाऱ्या आजीला पट्टी हीच पीडा वाटली तर त्यात नवल नाही. हा विरोधाभास आधीच समजावून सांगितला नाही, तर पट्टी काढून टाकणे हेच घराला वात्सल्याचे कृत्य वाटते. पट्टी लावल्यावर मूल जितके अडखळते, तितकी त्याला पट्टीची गरज अधिक, ही गोष्ट पहिल्या भेटीतच सांगितली गेली पाहिजे.

५. घरातील उपचार : व्यावहारिक विचार

मराठी घराला ‘पथ्य’ ही कल्पना परिचित आहे. औषध वैद्य देतो, पथ्य घर पाळते. पट्टी हे औषधापेक्षा पथ्याच्या जवळचे आहे. म्हणून ती एका व्यक्तीची नव्हे, तर सर्व घराची जबाबदारी मानणे उचित होय.

वेळ व व्यक्ती : पट्टीची वेळ घड्याळाशी बांधण्यापेक्षा घरात रोज हमखास घडणाऱ्या गोष्टीशी बांधणे अधिक टिकाऊ ठरते. अंगणवाडीतून परतल्यावर जेवण झाले की पट्टी, किंवा सायंकाळी दूध संकलन केंद्रावरून आजोबा परतले की पट्टी, असा क्रम मुलालाही कळतो. पट्टी कोण लावणार, हे एका व्यक्तीच्या नावाने ठरावे; ती घरी नसेल तेव्हा कोण, हेही ठरावे. झोपेतील तास जमेस धरू नयेत, कारण मिटलेला डोळा काहीच पाहत नाही. सलग दोन तास शक्य नसल्यास एक-एक तासाचे दोन भाग करता येतील का, हे तज्ज्ञांना विचारावे.

लावण्याची पद्धत : चष्मा असलेल्या मुलाने पट्टीच्या वेळीही चष्मा लावलाच पाहिजे. पट्टी थेट त्वचेवर चिकटवून तिच्यावर चष्मा, ही पद्धत सर्वांत खात्रीची असते. चष्म्याच्या काचेवर लावलेल्या कापडी पट्टीच्या कडेने मूल हळूच चांगल्या डोळ्याने पाहते. अशा वेळी तास भरतात, परंतु उपचार होत नाही. चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात घामाने त्वचा लाल होते. पट्टी काढताना ओल्या फडक्याने कडा भिजवून सावकाश काढावी, रोज चिकटविण्याची दिशा थोडी बदलावी आणि पुरळ उठल्यास मनाने मलम न लावता डॉक्टरांना दाखवावे.

पट्टीच्या वेळचे उद्योग : जवळचे बारीक काम केले तरच पट्टीचा उपयोग होतो, असे पूर्वी मानले जाई. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२५ मुलांवरील अभ्यासात जवळचे काम करणारी आणि दूरचे पाहणारी मुले यांच्या सुधारणेत फरक आढळला नाही. मूल जागे असून मागे पडलेला डोळा वापरीत असणे हेच महत्त्वाचे होय. तरीही उद्योगाची योजना हवीच, कारण रिकाम्या बसलेल्या मुलाचा हात प्रथम पट्टीकडे जातो. शेंगा सोलणे, तांदूळ निवडणे, मोठे मणी ओवणे, रांगोळीचे ठिपके जोडणे, सागरगोटे, चित्र रंगविणे, आजीच्या मांडीवर चित्रांचे पुस्तक पाहणे या गोष्टी कोणत्याही घरात विनाखर्च उपलब्ध आहेत. दूरचित्रवाणीचा अर्धा तास केवळ पट्टीच्या वेळीच मिळेल, असा नियमही काही मुलांच्या बाबतीत उपयोगी पडतो.

सुरक्षितता : पट्टी लावलेल्या मुलाची एका बाजूची दृष्टी झाकलेली आणि दुसरी धूसर असते. या वेळात जिना, विहीर, गोठा, चूल, रस्ता आणि सायकल यांपासून त्याला दूर ठेवावे. महामार्गालगतच्या वस्त्यांत याची विशेष काळजी घ्यावी. ॲट्रोपिनचे थेंब दिले असल्यास बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी. ते औषध पोटात गेल्यास विषारी ठरू शकते. थेंब घातल्यावर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर हलका दाब द्यावा व हात धुवावेत. मूल तापाने फणफणले, चेहरा लाल झाला किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर थेंब थांबवून तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.

भाषा व वागणूक : पहिले आठ-दहा दिवस सर्वांत कठीण असतात. या काळात थोड्या वेळापासून सुरुवात करून तास वाढवत नेणे अनेक मुलांना मानवते. मारणे, कोंडणे किंवा ‘पट्टी लावली नाहीस तर आंधळा होशील’ असे भय घालणे यांमुळे पट्टी ही शिक्षा बनते. ‘तुझा हा डोळा शाळेत उशिरा गेला, आता त्याचा अभ्यास भरून काढायचा’ असे सोप्या शब्दांत सांगितलेले चार-पाच वर्षांच्या मुलाला समजते. बाहुलीला किंवा धाकट्या भावंडाला खेळात पट्टी लावल्यास वेगळेपणाची बोच कमी होते. भिंतीवरील दिनदर्शिकेत पट्टी लागलेल्या दिवशी मुलाच्याच हाताने टिकली चिकटविणे, ही साधी नोंद मुलाला बक्षीस ठरते आणि डॉक्टरांना पुरावा. मात्र नोंद खरी असावी. न लावलेले तास लपविल्यास डॉक्टर उपचार निष्फळ समजून तास वाढवतात आणि घरावरील ओझे विनाकारण दुप्पट होते.

उपचाराचा शेवट : दृष्टी सुधारताच पट्टी एकाएकी थांबविणे धोक्याचे असते. २००४ च्या अभ्यासात उपचार थांबविल्यावर वर्षभरात सुमारे एक चतुर्थांश मुलांची दृष्टी पुन्हा घसरली. रोज सहा ते आठ तासांची पट्टी कमी न करता अचानक बंद केलेल्या मुलांत हे प्रमाण ४२ टक्के होते. म्हणून तास टप्प्याटप्प्याने कमी करावे लागतात आणि त्यानंतरही तपासणी चालू ठेवावी लागते. याउलट लवकर गुण यावा म्हणून सांगितल्यापेक्षा अधिक तास पट्टी लावणेही योग्य नाही. त्यामुळे क्वचित चांगल्या डोळ्याची दृष्टी कमी होऊ शकते.

६. अंगणवाडी, शाळा आणि आरोग्ययंत्रणा

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत फिरत्या पथकांनी अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करावयाची असते. दृष्टिदोषाचा तीत समावेश आहे. कागलमधील मुलाचा पुढील मार्ग सामान्यतः ग्रामीण रुग्णालय आणि तेथून कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय किंवा खासगी नेत्रतज्ज्ञ असा असतो. अंतर सुमारे वीस किलोमीटरचे. पण प्रत्येक भेटीत एका पालकाचा रोजगार बुडतो. पट्टीच्या किमतीपेक्षा हा खर्च मोठा असतो, हे नियोजनात लक्षात घेतले पाहिजे. पुढील भेटीची तारीख पालकाच्या साप्ताहिक सुट्टीशी जुळवून दिल्यास ती पाळली जाण्याची शक्यता वाढते.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात अंगणवाडी सेविका व शिक्षक हेच मुलाचे निरीक्षक असतात. एक डोळा तळहाताने झाकल्यावर मूल शांत राहते, पण दुसरा झाकताच डोके हलवते, हात ढकलते किंवा रडते, हे महत्त्वाचे लक्षण होय. पाहताना मान एका बाजूस कलणे, एक डोळा मिटून पाहणे, फळ्याजवळ जाणे याही खुणा आहेत. सेविकेने निदान करावे अशी अपेक्षा नाही. तिने वेळेवर तपासणीस पाठवावे, एवढेच पुरेसे आहे.

राजर्षी शाहू महाराजांचा जन्म कागलच्या घाटगे घराण्यातला. त्यांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा आदेश काढला. प्रत्येक मूल शाळेत यावे, हा त्यामागील आग्रह होता. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाला फळा दोन्ही डोळ्यांनी दिसावा, ही त्याच आग्रहाची पुढची पायरी मानता येईल.

वर्गातील वातावरणाचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. ‘चकणा’, ‘हेकणा’, ‘ढापण्या’ या हाका मुलाच्या मनातून पट्टी उतरवितात. शिक्षकाने आधीच सर्व मुलांना पट्टीचे कारण सांगितले, तर चेष्टेची जागा कुतूहल घेते. लहान मुलांत पट्टीची वेळ शक्यतो घरी ठेवावी; शाळेत ठेवणे भाग असेल तर त्या मुलाला पुढे बसवावे आणि त्या वेळी त्याची वाचन-लेखनाची गती मोजू नये.

सर्वांत सहज निसटणारी मुले स्थलांतरित कुटुंबांतील असतात. गळीत हंगामात मराठवाड्यातून येणारे ऊसतोड मजूर काही महिने या परिसरात राहतात आणि हंगाम संपताच परततात. त्यांच्या मुलाचे निदान येथे झाले तरी पाठपुरावा गावाकडे व्हावा लागतो. अशा मुलाच्या पालकांजवळ दृष्टी, चष्म्याचा नंबर, पट्टीचे तास आणि पुढील तपासणीचा महिना लिहिलेले साधे कार्ड असणे अत्यावश्यक आहे.

७. महाविद्यालयीन स्तरावरील सूचना

१. शिक्षणशास्त्र महाविद्यालयांनी बालकाच्या वाढीविषयीच्या अध्यापनात दृष्टिदोषाच्या खुणा व पट्टी लावणाऱ्या मुलाचे वर्गातील व्यवस्थापन यांचा समावेश करावा.

२. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत केवळ तपासणी व चष्मेवाटप न करता सहा महिन्यांनी किती मुले चष्मा वा पट्टी वापरतात, याची पाहणी करावी. वाटपाच्या आकड्यापेक्षा वापराचा आकडा अधिक बोलका असतो.

३. मराठी, कन्नड व हिंदी विभागांनी नेत्रतज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली शब्द कमी व चित्रे अधिक असलेले एक पानी माहितीपत्रक आणि मुलांसाठी चित्रकथा तयार करावी.

४. समाजशास्त्र व गृहविज्ञान विभागांनी मुलाच्या उपचारात आजी-आजोबांचा सहभाग हा विषय लघुसंशोधनासाठी घ्यावा.

८. समारोप

अलीकडे मंददृष्टीसाठी डिजिटल उपचारही विकसित झाले आहेत. आभासी दर्शनाच्या चष्म्यातून ठरावीक चित्रफिती दाखविणाऱ्या एका पद्धतीला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. परंतु अशा साधनांपुढेही जुनाच प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे मूल ते रोज वापरील काय? तालुक्याच्या ठिकाणी आज चष्मा व पट्टी हीच सर्वांच्या आवाक्यातील साधने आहेत आणि ती पुरेशी समर्थ आहेत. उणीव आहे ती पट्टी आणि मुलाचा दिवस यांची सांगड घालण्याची. नेत्रतज्ज्ञाने तास सांगावेत, घराने ते तास कोणते व कोणाच्या देखरेखीखाली हे ठरवावे, सेविका व शिक्षकाने त्यांची आठवण ठेवावी आणि मुलाला शिक्षा न वाटता साथ मिळावी. दृष्टीच्या वाढीची अनुकूल वर्षे थोडी असतात. ती वर्षे मूल ज्या घरात घालवते, त्या घराला उपचाराचा भागीदार करून घेणे हाच मंददृष्टीवरील सर्वांत व्यवहार्य उपाय होय.